सरकार एकच आहे, असं मी सांगून बसलो

हे आजच सांगतो. आत्ता, याच कागदावर. उद्यावर ठेवलं का बिघडते, कारण एक दिवस मधात गेला का मी गोष्टीत माहीच बाजू चांगली करून घेतो. ही सवय मले माहीत आहे. काल कमलताई येऊन गेली, तवापासून हात शिवशिवून राह्यले, म्हणून पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत टाइपमशीनवर बडवून टाकतो. संपादकसाहेब, अक्षरं वरखाली दिसली तर सांभाळून घ्या, मशीन जुनं आहे. भाषा मात्र सरळ करू नोका. आमच्याकडे असंच बोलतात.

तुमच्या दिवाळी अंकात नोकरीतून मोकळे झालेले लोक लिहितात. कोणी पोस्टमास्तर, कोणी हेडमास्तर. मी पंचविशीतला आहो. मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसतो, त्याले पाच वर्षं झाले. पण या पाच वर्षांत जे करून बसलो ते सांगायले तीस वर्षं थांबलो, तर ज्या कमलताईबद्दल सांगतो तिले त्याचा काय उपयोग?

आधी धंदा सांगतो. टेबलावर दोन मशीन आहेत, एक मराठी अन् एक इंग्रजी. माणूस येते, उकिडवा बसते, बोलते. मी टाइप करतो. तो बोलते ते सारं टाइप केलं तर अर्ज दहा पानांचा होईल अन् साहेब पहिलं पानही वाचणार नाही. म्हणून त्याच्या बोलण्यातून सरकारले समजेल तेवढंच काढायचं. वर ‘प्रति’, खाली ‘विषय’, मंग ‘महोदय’. भावानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला, शिव्या दिल्या, बायको माहेरी गेली, हे सारं एका ‘सबब विनंती की’ मधे बसवायचं. बसवता आलं पाहिजे. मले येते, अन् त्याचा मले गर्व आहे. मिनिटाले किती शब्द मारतो ते सांगत नाही, परीक्षेवाला मास्तर घड्याळ पाहून दोनदा विचारे, तू पाहून मारून राह्यला का पाठ आहे तुले?

पण खरं काम टायपिंगचं नाही. लोक अर्जासाठी येतात अन् आधी प्रश्न विचारतात. आतमधे कारकुनाले वेळ नसते, साहेब दौऱ्यावर असते, शिपाई बोलत नाही. मी बाहेर बसलेला, समोर मशीन, वर पांढरा सदरा. लोकायले वाटते सरकारचं बाहेर आलेलं टोक म्हणजे हाच पोट्टा. मंग विचारतात. कलेक्टर मोठा का आमदार मोठा? कलेक्टर अकोल्याले कायले बसते, अथी काहून नाही बसत? कायदा मुंबईत करतात तर तो आपल्या गावात कोण आणते, एस.टी.नं येते का? मधी आणीबाणीचे दीड-दोन वर्षं असे गेले का तेच प्रश्न लोक मान खाली घालून, हळू आवाजात विचारत. पण विचारायचे थांबले नाही.

शेलूबाजारचा उकंडाजी म्हणून एक म्हातारा आहे. बंडी घालून, डोक्याले पांढरा दुपट्टा बांधून येते. एकदा निवडणूक झाल्यावर आला अन् म्हणे, “नक्कल पाह्यजे.”

“कायची?”

“मताची. मी मत देल्लं त्याची.”

मी म्हणलं, “मताची नक्कल नाही भेटत, काका.”

“काहून? सातबाऱ्याची भेटते. फेरफाराची भेटते. मताची काहून नाई?”

“मत गुप्त असते.”

“कोनापासून गुप्त? मीच तं देल्लं. मले माहीत आहे न बावा कोनाले देल्लं ते.”

“मंग नक्कल घेऊन काय करता?”

“आमदाराले दाखोतो. गेलतो त्याच्याकडं. तो म्हने, तुमी कोन? म्हनलं, तुले ज्यानं निवडून देल्लं तो. म्हने, सारेच असं म्हनतात.”

मी हसलो. उकंडाजी नाही हसला. म्हणे, “म्हंजे देल्लं हे खरं, पन देल्लं असं दाखोता येत नाई. तुह्या सरकारात असा कारभार.” अन् मंग मी आमदारानं गावात येऊन जावं असा अर्ज टाइप करून दिला. त्यानं अंगठा केला, सही येत असून. म्हणे, सही मी मतासारखी लपवून ठेवतो.

एक बाई आली, शेताकडं जायच्या पांदणीच्या रस्त्यासाठी. जुन्या तहसीलदारानं पांदण मोकळी करायचा हुकूम दिला अन् त्याची बदली झाली. बाईचा प्रश्न एवढाच, साहेब गेला तर त्याचा हुकूम जित्ता आहे का मेला? मी म्हणलं, हुकूम माणसाचा नसते, खुर्चीचा असते. बाई म्हणे, “मंग खुर्चीले विचार न भाऊ. नवा साहेब तं म्हनते मले काई ठाऊक नाई.”

धनजचा एक माणूस दोन एस.टी. बदलून आला. त्याले सांगावं लागलं का बाबा, तुहा तालुका हा नाही. तो म्हणे, सरकारच्या झेंड्यावर तर तालुका लिहेल नसते. खरं होतं. तरी त्याले वापस जा लागलं.

असे प्रश्न. अन् माही चूक अशी का मी उत्तर देतो. नेहमी देतो. लगेच देतो. माणसाचा प्रश्न संपायच्या आधी माहं उत्तर तयार, जशी माही बोटं साहेबाच्या नावाच्या आधी ‘मा.’ मारून ठेवतात. लोक म्हणत, पोट्टा हुशार आहे, अडत नाही. मले ते आवडे. ‘माहीत नाही’ असं म्हणायची लाज वाटे.

आता कमलताईचं.

आसेगावजवळच्या एका खेड्यातले सूर्यभानबाबा रस्त्याच्या गँगवर मजूर. उंच, वाळलेले, पायाले डांबराचे डाग. छप्पन साली मूर्तिजापूरपर्यंत चालत अन् तिथून रेल्वेनं नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले. कमल तवा पाच-सहा वर्षांची. आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून शाळेत नेलं अन् मास्तरले म्हणलं, बौद्ध लिहा. मास्तर म्हणे, असं लिहिता येते का नाही, विचारावं लागन. सूर्यभानबाबा शाळेच्या पायरीवर बसले. लिहेपर्यंत उठले नाही. हे मले कमलताईनंच सांगितलं, अन् हेही सांगितलं का तिले त्या दिवशी भूक लागली होती.

ती मॅट्रिक झाली. राज्य सरकार बौद्ध झालेल्या लोकायले सवलत देते, त्या दाखल्यावर तिची फी माफ झाली होती. मंग दिल्ली सरकारच्या एका खात्यात कारकुनाच्या जागा निघाल्या. खात्याचं नाव नाही सांगत, त्यायचा दोष नाही. वयाची अट होती, पंचवीस. कमलताईले अजून दोन वर्षं होते, म्हणजे दोन भरत्या. बापलेक पेपरचं कात्रण घेऊन माह्या टेबलापाशी आले. राखीव जागेचा फॉर्म भरायचा होता, सोबत जातीचा दाखला जोडायचा होता.

सूर्यभानबाबानं घडी उलगडून दाखला माह्यासमोर ठेवला अन् विचारलं, “भाऊ, हा मुंबईच्या सरकारचा दाखला आहे. दिल्लीच्या सरकारले चालन काय?”

मी इंग्रजी मशीनमधे कागद चढवत होतो. वर पाह्यलंही नाही. म्हणलं, “सरकार एकच आहे बाबा. मुंबई काय अन् दिल्ली काय, शिक्का सरकारचाच.”

कमलताई म्हणे, “एकदा आत विचारून पाहू काय?”

“आत विचारसान तं चार दिवस जातीन,” मी म्हणलं. “मी बसलो आहो न.”

पुढं दोन मशीन ठेवून बसलेला माणूस हे बोलला. मुंबईच्या सरकारचं काम मराठी मशीनवर, दिल्लीचं इंग्रजीवर. रोज माहे हात एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात. तरी मले कळलं नाही का हे दोन आहेत.

फॉर्म गेला. पाच महिन्यांनी वापस आला. इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी वाचल्या, पुन्हा वाचल्या, मंग उठून आत गेलो. जिथं पहिल्याच दिवशी जायला पाह्यजे होतं तिथं. आवक-जावकचा कारकून बरा माणूस आहे. त्यानं समजावून सांगितलं. दिल्लीची यादी वेगळी आहे. त्या यादीत जातीचं नाव आहे, पण माणूस हिंदू असला तर, नाही तर शीख. बौद्ध झाला का त्या यादीतून बाहेर. मुंबईच्या यादीत तोच माणूस आत. मी म्हणलं, माणूस तर तोच आहे न? कारकून म्हणे, माणूस यादीत नसते रे, नाव असते.

उघड्या, म्हणजे राखीव नसलेल्या, जागेसाठी फॉर्म भरला असता तर निदान परीक्षेले तरी बसता आलं असतं. ती तारीख गेली होती. दोनापैकी एक भरती मी एका वाक्यात घालवली.

त्यायले सांगताना माही मान वर होत नव्हती. कमलताईनं फॉर्म हातात घेतला, उलटा केला, मागं काही लिहिलं आहे काय ते पाह्यलं. म्हणे, “मंग आता एकच राह्यली.”

ती एकच राहिलेली भरती पुढच्या वर्षी निघाली तवा मी आधीच पेटलो होतो. मले दुरुस्त करायचं होतं. कोणी न सांगता मी कामाले लागलो. गावच्या कोतवालाच्या वहीत जन्माची नोंद असते, त्यात जात असते. कमलताई छप्पनच्या आधी जन्मलेली, म्हणजे वहीत जुनी जात. मी त्या नोंदीची नक्कल काढली. कारकुनाले विचारलं, चालन काय? तो म्हणे, प्रतिज्ञापत्र जोडलं तर चालू शकते. मी एका दुपारी बसून प्रतिज्ञापत्र टाइप केलं. सुंदर केलं. समास सरळ, एक खाडाखोड नाही. मी, अमुक, हिंदू महार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. खाली सहीची जागा मोकळी.

दोघं आले. शेवटच्या तारखेले चार दिवस होते. मी कागद पुढं सरकवला अन् बोलत सुटलो, का कसा रस्ता काढला, का आता राखीव जागा पक्की, का आत कोणी अडवणार नाही. कमलताई वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं कागद बापाच्या हातात दिला. सूर्यभानबाबा रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेले, बोट ठेवून वाचतात. बोट हिंदू महारवर येऊन थांबलं. तिथंच राह्यलं.

मी म्हणलं, “बाबा, नुसता कागद आहे. घरी तुमी जे आहा तेच राहसान. कागदावर लिहिल्यानं काय होते?”

सूर्यभानबाबानं माह्याकडे पाह्यलं. रागानं नाही. म्हणे, “कागदावर लिहून काई होत नसन तं तू दिवसभर अथी काय कुटत बसला गा?”

मी समासाची पट्टी उगाच मागंपुढं केली.

मंग बापलेकीत बोलणं झालं, माह्यासमोरच. बाबा म्हणे, “तुही नोकरी आहे, तू सांग. मी तं त्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसलो होतो, आता उठून जाय म्हनत असशीन तं उठतो.”

कमलताई म्हणे, “तुमी कायले उठता? मीबी बसली होती तथी. उपाशी.”

“मंग?”

“मंग काई नाई. उघड्या जागेचा फॉर्म भरू.”

“तथी लय पोट्टे राह्यतात. शहरातले, शिकवन्या लावेल.”

“राहू द्या.”

मी मधात पडलो. काहून पडलो? मले राहवत नाही. म्हणलं, “ताई, पुढच्या वर्षी वय गेलं का काही नाही उरत. यावेळेले सही करून टाक, नोकरी लागल्यावर—”

“भाऊ,” ती म्हणे, “मुंबईच्या कागदावर मी बौद्ध. दिल्लीच्या कागदावर सही केली तं मी दुसरीच. उद्या कोनी दोन्ही कागद जवळ ठेवले तं खोटी कोन ठरन? सरकार का मी?”

तिनं प्रतिज्ञापत्राची घडी घातली, फाडलं नाही, माह्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. मी उघड्या जागेचा फॉर्म भरला. भरताना प्रत्येक रकाना दोनदा विचारला. तिले हसू आलं. म्हणे, “आता कसा विचारून राह्यला.”

फॉर्म झाल्यावर म्हणे, “अजून एक अर्ज आहे, दिल्लीले. मराठी मशीनवर टाक, मंग इंग्रजीवर.”

“विषय काय?”

तिनं भरलेला फॉर्म बापाच्या हातात दिला. मंग म्हणे, “मी कोण आहे ते कळविण्याबाबत.”

असा विषय मी कधी मारला नव्हता. ती सांगत गेली, मी मारत गेलो. एक शब्द कमी केला नाही, एक घातला नाही. महोदय, राज्य सरकारच्या दाखल्याप्रमाणे मला सवलत आहे. आपल्या यादीप्रमाणे नाही. धर्म बदलल्यावर आमची जुनी अडचण राहिली नाही, असे आपल्या यादीचे म्हणणे दिसते. आमच्या गावच्या विहिरीवर तसा हुकूम अजून पोचलेला नाही. तिथले लोक माझा जुनाच कागद वाचतात. तरी कोणता कागद खरा धरावा, ते त्यांना व मला कळवावे.

सूर्यभानबाबा ऐकत होते. शेवटी म्हणे, “सबब विनंती की, ते नाई टाकलं काय?”

कमलताई म्हणे, “विनंती नाई बाबा. विचारून राह्यलो.”

परीक्षा नागपूरले झाली. ती पास झाली पण उघड्या जागांच्या यादीत तिचं नाव आलं नाही. वय गेलं. तो रस्ता बंद झाला, अन् त्याचं अर्धं कुलूप माह्या हातानं लागलं हे मी कितीही जोरात टाइप केलं तरी खोडल्या जात नाही. दोन्ही संधी असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न मले ती विचारत नाही. मीच मले विचारत बसतो, अन् याचं उत्तर मात्र लगेच येत नाही.

पुढं राज्य सरकारची भरती निघाली, त्यात तिले जागा भेटली. रिसोडले सरकारी दवाखान्यात कारकून आहे. केसपेपर लिहिते. म्हणते, रोज दोन-चार जण तरी विचारतात का बाई, हा दवाखाना कोणत्या सरकारचा? ती आधी आत जाऊन विचारून येते अन् मंग सांगते. मले हे सांगताना माह्याकडे पाहत होती.

काल ती रिसोडच्या एस.टी.नं आली, सुट्टी काढून. हातात दिल्लीचं कार्ड. छापील. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे. एवढंच. असंच कार्ड मागच्या खेपेलेही आलं होतं.

मी म्हणलं, “ताई, आता तुले नोकरी आहे. वयही गेलं. आता उत्तर येऊन काय होणार?”

“बाबा दर हप्त्याले विचारतात, दिल्लीचं काई आलं काय,” ती म्हणे. “अन् माह्यामागं चार पोट्ट्या आहेत गावातल्या, मॅट्रिकले. त्यायनं कोनता फॉर्म भरायचा? त्यायले तूच सांगनार काय, सरकार एकच आहे म्हनून?”

मी मराठी मशीनमधे कागद चढवला. स्मरणपत्र, तिसरं. विषय तोच. हळूच मारलं, एकेक अक्षर. झाल्यावर खाली डाव्या हाताले ‘प्रत’ मारून थांबलो. अर्जाच्या खाली तिथं लिहितात का याची प्रत आणखी कोणाकोणाले माहितीसाठी पाठवली. बाकीचे लोक सांगतात, कलेक्टरले टाक, मंत्र्याले टाक, जेवढे मोठे तेवढे टाक.

“प्रत कोणाले?” मी विचारलं. अन् यावेळेले ती सांगेपर्यंत गप बसलो.

कमलताईनं कचेरीकडे पाह्यलं, मंग रस्त्याकडे. बाजाराचा दिवस होता. म्हणे, “लोकायले.”

“लोकायचा पत्ता काय टाकू?”

“ते तू पाह्य. तुले टाइप लवकर येते.”

ती पाचच्या एस.टी.नं वापस गेली. तिच्या कागदाखाली ‘प्रत : लोकांना माहितीसाठी’ असं मारलेलं आहे, ते पोस्टात टाकता येत नाही म्हणून तुमच्या अंकाले पाठवून राह्यलो. आता तुमी सांगा. तुमच्यापैकी कोणाले एका सरकारच्या कागदावर आहे अन् दुसऱ्याच्या कागदावर नाही, असं झालं काय? झालं असन तर तुमी कोणता फॉर्म भरला? अन् तुमाले कोणी, माह्यासारखं वर न पाहता, सरकार एकच आहे म्हणून सांगितलं होतं काय? चार पोट्ट्यायचे फॉर्म याच वर्षी भरायचे आहेत. मी टेबलापाशी बसलो आहो.